पोतंभर बी आणि अडुसष्ट पानं: एका काजू युनिटच्या प्रकल्प अहवालाचं प्रकरण

दोडामार्ग तालुक्यातलं एक घर. तीन एकर काजूची बाग, थोडी गावठी झाडं, थोडी वेंगुर्ला-४ या सुधारित जातीची. दरवर्षी दीडेक टन बी निघते आणि एप्रिल-मेमध्ये व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते. घरातल्या सुनेने बी विकण्याऐवजी काजूगर विकायचा असं ठरवलं. त्यासाठी कर्ज हवं होतं, कर्जासाठी प्रकल्प अहवाल, आणि अहवालासाठी तज्ज्ञ. यातली व्यक्ती आणि रकमा नमुन्याच्या आहेत. हिशोबाची रीत, चुका आणि बँकेचे प्रश्न मात्र सिंधुदुर्गात अशा युनिटांना नेहमी भेटतात तेच आहेत.

कर्ज प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून घ्यायचं होतं. ही योजना २०२० साली सुरू झाली. वैयक्तिक घटकाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त ₹१० लाख अनुदान मिळतं. किमान १० टक्के रक्कम स्वतःची लागते, बाकी बँकेचं कर्ज.

पहिला अहवाल

पहिला अहवाल तालुक्याच्या गावी बसणाऱ्या एका सल्लागाराने आठ दिवसांत करून दिला. फी ₹१५,०००, पानं ६८, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर काजूचा रंगीत फोटो. सल्लागाराने अर्जदाराला एकूण चार प्रश्न विचारले होते: नाव, गाव, किती कर्ज हवं, जात प्रवर्ग. बाकी सगळं त्याच्याकडे तयार होतं. किती तयार, ते ४१व्या पानावर कळतं. तिथे ‘बाजारपेठ’ या मथळ्याखाली एक वाक्य तसंच राहून गेलं होतं: ‘शहरी कुटुंबांत केचपची मागणी सातत्याने वाढत आहे.’

शाखाधिकाऱ्याने ते पान उघडलंसुद्धा नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, “बी कुठल्या महिन्यात घेणार?” अर्जदार म्हणाली, “मार्च ते मे.” अहवालात मात्र कच्च्या मालाचा साठा ३० दिवसांचा धरला होता, म्हणजे जणू काजूची बी दर महिन्याला बाजारात मिळते. फाइल तिथेच परत आली.

नकाराचं कारण एका वाक्यात संपलं, पण अहवालातल्या चुका बऱ्याच होत्या. त्या नीट पाहण्यासारख्या आहेत, कारण तयार साच्यातल्या जवळपास प्रत्येक अहवालात त्या सापडतात.

उतारा, म्हणजे बीच्या वजनातून निघणारा गर, ३० टक्के धरला होता. हा आकडा हवेतून आलेला नाही. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या सुधारित जातींचं गराचं प्रमाण त्याच्या आसपास असतं, वेंगुर्ला-७चं ३०.५ टक्के. पण ते त्या जातीच्या निवडक, सुकवलेल्या बीचं. बागायतदाराकडून पोत्यात येणारी बी मिश्र जातींची असते, ओलसर असते आणि तिच्यात फोकी, म्हणजे पोकळ, दाणे आणि खडेही असतात. सल्लागाराने ओल्या वजनाला सुक्या बीचा उतारा लावला आणि वर सगळा गर अख्खा, डब्ल्यू-२४० प्रतीचा निघणार असं धरून किलोला ₹८८० लावले. पाकळी (दोन भाग झालेला गर), तुकडा, करपलेला माल यांचा त्या अहवालात पत्ताच नाही.

प्रकल्प खर्च ₹२४ लाख होता: जागा ४, शेड ९, यंत्रं ११. योजनेत जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही, आणि तांत्रिक बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. म्हणजे ११ लाखांच्या यंत्रांसोबत फार तर ४ लाख ७१ हजारांचं बांधकाम बसतं, पात्र खर्च १५ लाख ७१ हजार होतो आणि अनुदान साडेपाच लाखांच्या आसपास येतं. अहवालात ते ₹८.४ लाख दाखवलं होतं. अर्जदाराने घरी सगळ्यांना तोच आकडा सांगून ठेवला होता, हा आणखी एक त्रास.

त्याहून गंभीर चूक म्हणजे अनुदान कर्जातून आधीच वजा केलं होतं: स्वतःचे २.४, अनुदान ८.४, कर्ज १३.२. प्रत्यक्षात अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यानंतर तीन वर्षं खातं नियमित असेल आणि युनिट चालू असेल तरच ते अर्जदाराच्या कर्जखात्यात वळतं होतं. यंत्रवाल्याचे पैसे त्यातून देता येत नाहीत. सुरुवातीला ९० टक्के रक्कम कर्ज म्हणूनच उभी करावी लागते आणि हप्ते त्या पूर्ण रकमेवर बसतात.

या सगळ्यातून कर्जफेडीची क्षमता, बँकेच्या भाषेत डीएससीआर, म्हणजे वर्षाच्या हप्ता-व्याजाच्या किती पट रक्कम हाताशी उरते तो आकडा, सहाच्या वर निघाली होती. साधारण दीडच्या आसपासचा आकडा बँकेला पुरतो. सहा आला की अधिकारी खूश होत नाही, अहवाल कॉपी केलेला आहे हे ओळखतो.

दुसऱ्यांदा मदत घेताना

दुसऱ्या वेळी ‘अहवाल करून देणारा’ एक माणूस शोधला नाही. काम तीन जणांत वाटलं.

पहिली व्यक्ती जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे डीआरपी. या योजनेत राज्यात कृषी विभागामार्फत जिल्ह्याजिल्ह्यात त्या नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल, पोर्टलवरचा अर्ज, बँकेचा पाठपुरावा, पुढे परवाने ही त्यांचीच कामं. त्यांचं मानधन सरकार देतं: मंजूर होणाऱ्या प्रत्येक कर्जामागे ₹२०,०००, निम्मं मंजुरीनंतर आणि निम्मं नोंदण्या, परवाना, प्रशिक्षण होऊन युनिट मार्गी लागल्यावर. अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. ही गोष्ट तालुक्यात फार कमी जणांना ठाऊक असते आणि मधल्या लोकांना ती ठाऊक होऊ द्यायची नसते. पण मानधन मंजुरीला बांधलेलं असल्यामुळे डीआरपीचा कल फाइल लवकर पुढे सरकवण्याकडे असू शकतो, एवढं भान ठेवून काम केलेलं बरं.

दुसरा सनदी लेखापाल. त्याच्याकडे फक्त सीएमए डेटा (बँकेला लागणारे आर्थिक तक्ते), पाच वर्षांचे अंदाजित ताळेबंद आणि जीएसटी. फी ₹१२,०००, तीन टप्प्यांत: सुरुवातीला ४,०००, पहिला मसुदा आल्यावर ४,०००, बँकेच्या शंकांना उत्तरं देऊन झाल्यावर ४,०००. दोन अटी कागदावर घेतल्या. दोन वेळा दुरुस्ती त्याच पैशांत, आणि एक्सेलची फाइल सूत्रांसकट ताब्यात. पीडीएफवर भागवायचं नाही. सूत्रं असलेली फाइल हातात नसेल तर बीचा दर पाच रुपयांनी बदलला तरी पुन्हा सीएच्या दारात जावं लागतं. मंजूर कर्जाच्या टक्केवारीवर काम करणाऱ्याला हे काम द्यायचं नाही, असंही ठरलं. टक्केवारीवाल्याचा फायदा कर्ज मोठं करण्यात असतो.

तिसरा एका चालू काजू युनिटचा अनुभवी कारागीर. दोन दिवसांची मजुरी, एवढाच त्याचा खर्च. आणि खरा अहवाल त्याच्या वजनकाट्यावर लिहिला गेला.

एक पोतं

डीआरपीने पहिल्याच भेटीत सांगितलं, “ताई, आकडे मी नाही लिहिणार. एक पोतं बी फोडून आणा, मग बोलू.” घरची आणि शेजारच्या दोन बागांची मिळून ८० किलो बी त्या युनिटमध्ये नेली आणि प्रत्येक टप्प्यावर वजन लिहिलं.

आणताना ८०.० किलो. तीन दिवस उन्हात सुकवून ७५.२. फोकी दाणे, खडे आणि काळी पडलेली बी काढून ७४.०. वाफवून, रात्रभर गार करून, दुसऱ्या दिवशी फोडली. टरफल बाजूला करून सालीसकट गर २१.९ किलो. बोरम्यात, म्हणजे गर सुकवण्याच्या कपाटात, ७० अंशांच्या आसपास सात तास ठेवल्यावर २०.२. साल काढून हातात आला १८.६ किलो. त्यात अख्खा ११.९, पाकळी ३.७, तुकडा २.२, करपलेला आणि डागी ०.८.

पोत्यातल्या वजनावर उतारा २३.२५ टक्के. त्या वेळचे घाऊक दर अख्ख्याला सरासरी ₹८००, पाकळीला ६८०, तुकड्याला ५६०, डागीला ३०० धरले तर पोत्याचे ₹१३,५०८ होतात. बी ₹१३० किलोने ₹१०,४००ची. उरले ₹३,१०८, म्हणजे किलो बीमागे ३९ रुपये. मजुरी, वीज, पॅकिंग, व्याज, हप्ता सगळं या ३९ रुपयांत.

पहिल्या अहवालात हाच आकडा १३४ होता.

या एका फरकाने पुढचं सगळं बदललं. कारागिराने सांगितलेल्या दोन गोष्टीही योजनेत गेल्या. पहिली वाफेची: वाफ कमी मिळाली तर टरफल सुटत नाही आणि गर तुटतो, जास्त मिळाली तर गर पिवळट पडतो. अख्ख्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ५५वर आलं तर किलो बीमागे दोन-अडीच रुपये जातात, आणि ३९मधले अडीच रुपये म्हणजे थोडे नाहीत. नवीन युनिटला हात बसेपर्यंत दोन महिने तरी हे होणारच, म्हणून पहिल्या वर्षाचा उतारा मुद्दाम कमी धरला. दुसरी गोष्ट मे महिन्याची: वळवाच्या पावसात भिजलेली बी स्वस्त मिळते, पण गर डागी निघतो. योजनेत खरेदी १० मेला बंद होते असंच लिहिलं.

विकत घ्यायची की फोडून द्यायची

काट्यावरच्या कागदाशेजारी डीआरपीने आणखी एक आकडा लिहिला. आजूबाजूचे बागायतदार आपली बी मजुरीवर फोडून घ्यायला किलोला ₹३२ द्यायला तयार होते. घरच्या पाहुण्यांना, मुंबईच्या नातेवाइकांना आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना द्यायला त्यांनाही गरच हवा असतो.

मग हिशोब असा. स्वतः बी विकत घेतली तर किलोमागे ३९. त्यासाठी ₹१३० अडकतात, सरासरी चार महिने. ११ टक्के व्याजाने त्याचे ₹४.८० जातात. उरतात ३४. मजुरीवर फोडली तर ३२, आणि एक पैसाही अडकत नाही, दर कोसळण्याची भीती नाही. फक्त दोन रुपयांसाठी एवढा धोका घ्यायचा का, हा प्रश्न पहिल्या अहवालात आलाच नव्हता, कारण तिथे मजुरीचं काम हा प्रकारच नव्हता.

तरी सगळंच मजुरीवर ठेवलं नाही. गोवा हद्द जवळ, रस्त्यावर पर्यटक. स्वतःचा माल असेल तर अख्खा गर पाव आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत किरकोळीने जातो आणि पाकीट, दुकानदाराचं कमिशन वजा जाऊन घाऊक दरावर किलोला ₹१५० जास्त सुटतात. शेवटी ठरलं ते असं: स्वतःची १४ टन (त्यातली दीड टन घरची), मजुरीची २० टन, वर्षाचे २४० दिवस, दिवसाला १४०-१४२ किलो. घरची बीसुद्धा बाजारभावानेच हिशोबात घेतली. ती फुकट धरली की बागेचं उत्पन्न युनिटचा नफा म्हणून दिसतं आणि युनिट तोट्यात गेलं तरी कळत नाही.

मजुरीच्या २० टनांसाठी नुसतं ‘मागणी भरपूर आहे’ हे वाक्य चालणार नव्हतं. अकरा बागायतदारांकडून साध्या कागदावर लिहून घेतलं: किती बी, कुठल्या महिन्यात आणणार, दर काय. बेरीज २३ टन झाली. अहवालात २० धरले. बाजारपेठेचं प्रकरण एवढंच, दीड पान आणि अकरा सह्यांचे कागद. काजूच्या जागतिक बाजारावरची नऊ पानं काढून टाकली, त्यांचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

खेळत्या भांडवलाची गाठ

बँकेचा प्रश्न इथला होता, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

लघुउद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका सहसा नायक समितीची रीत वापरतात: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के गरज, त्यातले ५ टक्के स्वतःचे, २० टक्के बँकेचे. या युनिटची उलाढाल ₹३२.४ लाख (मालाची विक्री, मजुरी, टरफल सगळं धरून), म्हणजे सीसी, कॅश क्रेडिटची, मर्यादा साडेसहा लाख. वर्षभर सारखा चालणाऱ्या धंद्याला हे ठीक आहे. काजूचं तसं नाही. वर्षाची सगळी बी अडीच महिन्यांत घ्यायची आणि दिवाळीपर्यंत, काही त्याच्याही पुढे विकायची.

म्हणून सीएने महिनावार रोख अंदाजपत्रक मांडलं. साडेबारा टन बीचे ₹१६.२५ लाख. हंगामातली मजुरी आणि वीज ₹१.२५ लाख. आणि एक रक्कम जी पहिल्या सल्लागाराने आणि खरं तर डीआरपीनेही सोडली होती: जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदाराने शेतकऱ्याकडून न फोडलेली काजू बी घेतली तर ५ टक्के कर खरेदीदारानेच, उलट आकारणीने, रोख भरायचा असतो. पुढे विक्रीवरच्या करात तो वळता होतो, पण हंगामात ₹८१ हजार खिशातून जातात. एकूण ₹१८.३ लाख. त्याच महिन्यांत साडेतीन टन बीचा गर विकून आणि पाच टनांची मजुरी येऊन साडेसात लाख परत येतील. मेच्या मध्यावर ताण सगळ्यात जास्त: ₹१०.८ लाख.

या कागदावर बँकेकडे हंगामी मर्यादा मागितली. मार्च ते ऑगस्ट ८ लाख, सप्टेंबर ते फेब्रुवारी ३ लाख. उरलेले २.८ लाख स्वतःचे. २० टक्के हा नियमाचा तळ आहे, छत नाही. उत्पादनाचं चक्र लांब असेल तर गरजेप्रमाणे जास्त देता येतं, पण ते मागायला महिनावार तक्ता लागतो. तक्ता नसेल तर अधिकारी २० टक्क्यांवरच थांबतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात युनिटकडे बी घ्यायला पैसे नसतात.

मधे कुणीतरी कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचं नाव सुचवलं होतं. तिथे काजू बी चालते, व्याजही कमी आहे. पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, विकत घेतलेल्या मालासाठी नाही. घरच्या दीड टनाला तिचा उपयोग झाला असता, बाकी साडेबारा टनांना नाही. अहवालातून ते नाव काढलं.

जागा, यंत्रं, आणि कॅलेंडर

पहिल्या अहवालात नवी जागा विकत घ्यायचं कारण कोकणातलं नेहमीचं होतं: घरचा सातबारा सामाईक, त्यावर सासऱ्यांसह सहा नावं, त्यातली तीन मुंबईत. बँकेला अशी जागा चालत नाही आणि सह्या गोळा करायला वर्ष जातं. डीआरपीने जागेवर येऊन पाहिलं तेव्हा घरामागचा जुना मांगर, म्हणजे सामानाची शेड, दिसला. त्याची घरपट्टी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. नवऱ्याकडून पत्नीला नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब. मांगराची फरशी, धूर आणि वाफ जायची वाट, जाळ्या, मोरी, फोडणीची खोली सोलणीपासून वेगळी करणारी भिंत: ३.४ लाख. भिंत महत्त्वाची, कारण टरफलाचं तेल हात भाजतं आणि ते गराला लागलं तर अख्खा घाणा खराब होतो.

यंत्रं ₹९.६ लाखांची: वाफेचा कुकर, फोडणी यंत्र, बोरमा, कॉम्प्रेसरसह सोलणी यंत्र, प्रतवारीचं टेबल, वजनकाटे आणि नायट्रोजन भरून सील करणारं पॅकिंग यंत्र. प्रत्येकाची दोन कोटेशनं घेतली. कोटेशनवर जीएसटी, वाहतूक आणि उभारणी वेगळी लिहून घेतली, कारण पहिल्या अहवालातल्या कोटेशनांत ती नव्हतीच. फोडणी यंत्राच्या दिवसाच्या क्षमतेखाली ‘आठ तासांची की दहा’ हेही लिहून घेतलं. आणि वीज: घरचा मीटर सिंगल फेज, कॉम्प्रेसरला थ्री फेज हवा. महावितरणचा अर्ज कर्जाच्या अर्जाआधी गेला.

प्रकल्प खर्च ₹१३ लाख. बांधकाम २६ टक्के, मर्यादेत. स्वतःचे १.३, कर्ज ११.७, अनुदान ४.५५ लाख, तेही तीन वर्षांनी. चोवीस लाखांवरून तेरावर यायला घरच्यांची समजूत काढावी लागली, तो भाग डीआरपीच्या कामाच्या यादीत नसतो.

तारखा उलट्या मांडल्या. बी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे फेब्रुवारीअखेर चाचणी, त्यासाठी डिसेंबरात यंत्रांना आगाऊ रक्कम, त्यासाठी नोव्हेंबरात मंजुरी, त्यासाठी सप्टेंबरात अर्ज, कारण पोर्टलवरून तो आधी जिल्हास्तरीय समितीपुढे आणि मग बँकेत जातो. पहिला अहवाल फेब्रुवारीत दाखल झाला होता. तो मंजूर झाला असता तर यंत्रं जूनमध्ये आली असती, बी संपल्यावर, आणि पहिला हप्ता रिकाम्या युनिटने भरला असता.

उद्यम नोंदणी, एफएसएसएआयचा अन्न परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, ग्रामपंचायतीचा दाखला ही कामं डीआरपीने ओळीने करून घेतली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

बँकेपुढे

नवा अहवाल २२ पानांचा, आणि पुढे एक पान वेगळं. दुसऱ्या वर्षाचा हिशोब त्या पानावर असा होता. स्वतःच्या मालातून ₹५.४६ लाख, मजुरीचे ६.४, किरकोळ विक्रीचे जास्तीचे १.८, टरफलाचे ०.६, एकूण १४.२६ लाख. सहा बायकांची मजुरी ₹३५० रोजाने २४० दिवस, ₹५.०४ लाख. वीज, पॅकिंग, वाहतूक, दुरुस्ती, विमा मिळून २.२. उरले ७.०२. त्यातून सीसीचं व्याज ₹४४ हजार आणि घरखर्चाला महिना १५ हजार. हप्त्यासाठी उरतात ४.७८ लाख. सात वर्षांच्या मुदतीच्या कर्जाचा त्या वर्षीचा हप्ता आणि व्याज मिळून २.८९ लाख. डीएससीआर १.६५.

त्याखाली तीन ओळी, ज्या सल्लागार सहसा लिहीत नाहीत. बी ₹१० महागली आणि गराचा भाव तसाच राहिला तर १.१७. किरकोळ विक्री निम्मी झाली तर १.३४. मजुरीचं काम निम्मंच आलं तर, कामाचे दिवस कमी करूनही, १.०७. यातल्या दोन गोष्टी एकदम झाल्या तर हप्ता अडतो, हेही लिहिलं होतं. सीएला ही ओळ नको होती. अर्जदाराने ती ठेवायला लावली.

शाखाधिकाऱ्याने तीच ओळ वाचून विचारलं, “मग दोन्ही झालं तर काय करणार?” घरची दीड टन बी आहे, तिचे ₹१.९५ लाख युनिटने घराला द्यायचे असतात, ते त्या वर्षी थांबवू, असं उत्तर आलं. पुढचा प्रश्न बी ओली आली तर कशी ओळखणार, हा. मूठभर बी कानाशी हलवली आणि खुळखुळली नाही तर ओली, ती तीन-चार रुपये तोडूनच घ्यायची. या उत्तरांत डीआरपीला किंवा सीएला बोलायची वेळ आली नाही, आणि बँकेत ते बरं दिसतं.

कर्ज सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या, हमीवर, तारणाशिवाय मंजूर झालं. सीसीची हंगामी मर्यादा मागितली तशी मिळाली, पण साठ्याचा आग आणि पुराचा विमा आणि दर महिन्याच्या १० तारखेला साठा पत्रक या अटींवर. साठा पत्रकात ओली बी, सुकी बी, फोडलेला माल आणि तयार गर वेगळे दाखवायचे असतात. सगळं ‘काजू’ म्हणून एका ओळीत लिहिलं तर बँक सगळ्यात कमी दर लावते आणि उचलीची मर्यादा आकसते. सीएने एक्सेलमध्ये या चार ओळींचं पान जोडून दिलं, काट्यावरच्या वजनांचेच टक्के त्यात आहेत.

मार्चमध्ये बीचा भाव १३८ने उघडला. गराचा भाव हलला नव्हता. फाइलमध्ये १३०च्या जागी १३८ टाकल्यावर स्वतःच्या मालाचा रकाना ३९वरून ३१वर आला, व्याज वजा करण्याआधीच. शेजारच्या रकान्यात मजुरीचे ३२ तसेच होते. त्या हंगामात स्वतःची खरेदी १४ टनांवरून ११ टनांवर आणली आणि लिहून दिलेल्या २३ टनांपैकी राहिलेली तीन टनंही मजुरीला घेतली.